समोरच्या संघाचे दोन्ही डिफेन्सिव्ह एंड भारी असतील तर हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा ऑफेन्स (हल्ला) कसा आखावा?

तुमची अडचण अशी आहे: येत्या शुक्रवारी समोरच्या हायस्कूलचे दोन्ही एंड (बचावाच्या लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) उंच, वेगवान आणि अंगाने भरलेले आहेत, तुमचे टॅकल (तुमच्या लाइनचे कडेचे ब्लॉकर) त्यांच्यापुढे हलके पडतात, आणि सहायक कोच म्हणून तुमच्या हातात जेमतेम चार दिवसांचा सराव आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. या दोघांना टॅकलने एकट्याने अडवायचा हट्ट सोडा आणि प्रत्येक स्नॅपला, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू होताना, त्यांना विचारात पाडा. विचारात पडलेला एंड अर्धं पाऊल उशिरा निघतो, आणि तुमच्या रनिंग बॅकला (बॉल घेऊन धावणाऱ्याला) तेवढं पुरतं.

आधी फिल्म बघा, पण बॉलवरची नजर काढून फक्त एंडवर ठेवा. टॅकल आत ब्लॉक करायला गेला की एंड त्याच्या मागोमाग आत दबतो, की सरळ मागे घुसतो? पुल करून, म्हणजे जागा सोडून बाजूला धावत, आलेल्या गार्डला (टॅकलच्या आतल्या ब्लॉकरला) तो कुठला खांदा देतो? बॉल पलीकडे गेला की पाठलाग करतो, की जागा धरून राहतो? आणि दोघे कायम आपापल्या बाजूला उभे राहतात, की तुमच्या टाइट एंडकडे (टॅकलच्या बाहेर उभ्या तुमच्या खेळाडूकडे) बघून बाजू बदलतात? बाजू बदलत नसतील तर चांगलंच. हायस्कूलच्या मैदानाची रुंदी 160 फूट असते आणि हॅशच्या खुणा (मैदानावर लांबीने आखलेल्या दोन तुटक रांगा) तिचे तीन सारखे भाग करतात. म्हणजे बॉल हॅशवर असताना एका बाजूला जेमतेम 18 यार्ड उरतात, दुसरीकडे 35. दोघांतला जास्त भारी एंड अरुंद बाजूला अडकेल तेव्हाच रुंद बाजूचे स्वीप (बाहेरून वळून धाव) आणि ऑप्शन (बॉल द्यायचा की ठेवायचा हे ऐन वेळी ठरवायचे खेळ) काढा.

आता मुख्य हत्यार, झोन रीड. ज्या एंडला अडवता येत नाही त्याला मोकळाच सोडायचा. कबड्डीत कोपरारक्षक झेपावला की त्याच्या मागची जागा उघडी पडते, हिशोब तोच. त्याच्या समोरचा टॅकल आत जाऊन लाइनबॅकरला (बचावाच्या लाइनमागच्या खेळाडूला) गाठतो आणि क्वार्टरबॅक (स्नॅप घेऊन खेळ चालवणारा) एंडला वाचतो. एंडचे खांदे आत वळून तो रनिंग बॅकवर धावला, तर बॉल स्वतःकडे ठेवून त्यानेच सोडलेल्या जागेतून पळायचं. खांदे बॉल ठेवलेल्या आडव्या रेषेला समांतर राहिले, तर बॉल द्यायचा. शंका आली तरी द्यायचा, हा नियम पोरांना पाठ करून घ्या. बॉल बॅकच्या पोटाशी धरून क्वार्टरबॅकने आपल्या मागच्या कमरेपासून पुढच्या कमरेपर्यंत सोबत न्यायचा. निर्णय त्याच्या आत व्हायला हवा. त्यानंतर ओढायला गेलं की बॉल जमिनीवर. बॅकने हात सैल ठेवायचे, क्वार्टरबॅकने सोडल्यावरच घट्ट करायचे.

सर्वांत जास्त बिघडतं ते इथे: क्वार्टरबॅक हडलमधून (खेळ ठरवायच्या घोळक्यातून) निघतानाच ठरवून येतो. म्हणून सरावात एंडच्या जागी कोचने स्वतः उभं राहावं आणि आत जायचं की थांबायचं हे अगदी शेवटच्या क्षणी ठरवावं. रोज किमान 20 वेळा करून घ्या. दुसरी चूक टॅकलची. आत जाता जाता तो एंडला अर्धवट हात लावतो. त्यात लाइनबॅकर सुटतो आणि एंडही अडत नाही.

चांगला डिफेन्सिव्ह कोच एक-दोन ड्राइव्हनंतर (हल्ल्याच्या सलग खेपांनंतर) याचं उत्तर काढतोच. एंड मुद्दाम आत झेपावतो, क्वार्टरबॅक फसून बॉल ठेवतो आणि बाहेरून फिरून आलेला लाइनबॅकर त्याला धरतो. यासाठी एच-बॅक (लाइनच्या जरा मागे उभा राहणारा ब्लॉकर) लागतो. तो विरुद्ध बाजूने रेषेमागून धावत एंडकडे येतो. कधी त्याला खरोखर धडकतो आणि बॅक त्याच्या आतून निघतो. कधी त्याला चुकवून बाहेरच्या लाइनबॅकरला अडवतो आणि बॉल क्वार्टरबॅककडे राहतो. एंडला दोन्ही वेळा एकच चित्र दिसतं. बाजूने तीन-चार धक्के बसले की तो पहिल्या पावलालाच बिचकायला लागतो. चार दिवसांत एकच जोडी पक्की बसवायची असेल तर माझ्या मते हीच बसवा.

पॉवरसारख्या खेळात (गार्ड पुल करून बॅकला वाट काढून देतो तो) गार्डने एंडला बाहेर ढकलायचं असतं. गार्डची वाट रेषेला अगदी चिकटून, आतून बाहेर हवी. तो मागे झोल घेत आला की एंड त्याच्या आतून घुसतो. एंड बाहेरचा खांदा देऊन गार्डच्या खालून शिरणारा असेल तर तिथे जोर लावू नका. गार्डने त्याचा बाहेरचा खांदा पकडून त्याला आतच कोंडायचं आणि बॅकने बाहेरून वळायचं. बॅकने गार्डची पाठ बघून धावायचं. टाइट एंडच्या बाहेर एक विंग (रेषेच्या जरा मागचा खेळाडू) उभा केलात तर हलका पोरगाही कोनातून त्या एंडला आत दाबू शकतो. ताकदीत मार खाणाऱ्या संघाला असा कोन मिळवून देणं कोचच्या हातात असतं.

पासमध्ये लांब ड्रॉप (थ्रोआधी क्वार्टरबॅकचं खूप मागे जाणं) जवळपास विसराच. शॉटगन मांडणीत क्वार्टरबॅक बॉलच्या मागे 5 यार्डांवर असतो. तो 9 यार्ड मागे गेला की एंडच्या वळणावर आयता सापडतो. एक पाऊल आणि थ्रो: स्लँट, हिच, बबल असे झटपट छोटे पास. लाइनचा स्लाइड (सगळ्यांनी एका बाजूला सरकून अडवणं) जास्त भारी एंडकडे द्या आणि दुसऱ्याला टाइट एंडकडून चिप (जाता जाता एक धक्का). मात्र चिप बाहेरच्या खांद्यावर बसली की एंड आत फेकला जातो, तेव्हा टॅकलने आतली वाट सोडायची नाही, हे दोघांना एकत्र उभं करून दाखवा. रनिंग बॅकला एकट्याने एंडसमोर उभं करू नका.

मागे धावत सुटणाऱ्या एंडला स्क्रीन (घुसून आलेल्यांच्या पाठीमागे बॅकला दिलेला छोटा पास) हे उत्तम औषध. टॅकलने दोन आकडे मोजेपर्यंत खरा ब्लॉक करायचा, मग सोडायचा. लवकर सोडला की एंडला वास लागतो. तो परत फिरून बॅकला चिकटला तर बॉल बॅकच्या पायाशी टाकायचा.

गुडघ्याखाली कट करून एंडला पाडायचा सल्ला कुणी देईल. हायस्कूलच्या नियमांत कमरेखालचा ब्लॉक बॉलच्या दोन्ही बाजूंना 4 यार्ड आणि रेषेच्या दोन्हीकडे 3 यार्ड एवढ्याच पट्ट्यात, लाइनवरच्याच खेळाडूंमध्ये आणि स्नॅपबरोबर लगेच केला तरच चालतो. टेक्ससमध्ये कॉलेजचे नियम वापरतात, तिथे असाल तर वेगळे तपासा. नियमात बसलं तरी मी शिकवणार नाही. शाळकरी पोरांच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे.

सामन्यात एका माणसाला फक्त दोन्ही एंडच्या पहिल्या दोन पावलांची नोंद करायला बसवा: आत, बाहेर की जागेवर. पहिल्या ड्राइव्हमध्ये झोन रीड, एच-बॅकचा धक्का आणि स्क्रीन, तिन्ही एकदा तरी दाखवा. त्या नोंदीवरून दुसऱ्या ड्राइव्हचा पहिला खेळ निवडा.