डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या फासे टाकून पात्र रंगवायच्या खेळात पात्राचा क्लास, म्हणजे त्याचा प्रकार, नेमका कशावरून ठरतो? विझार्डच्या (जादूगाराच्या) हातात तलवार दिली की तो फायटर (लढवय्या) होतो का?

नाही होत. तलवार कोणीही उचलेल. संकट आलं की तुमचं पात्र ते कसं निस्तरतं आणि त्यासाठी नियम त्याच्या हातात काय देतात, यावरून क्लास ठरतो.

१९७४ च्या मूळ खेळात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाच्या शक्तीवर लढणारा पुजारी). चोर पुढच्या वर्षी आला. २०१४ च्या नियमपुस्तकात १२ आहेत.

हिट डाय, म्हणजे पात्र किती मार सोसेल ते ठरवणारा फासा, बघा. बार्बेरियनचा (रानटी योद्ध्याचा) १२ बाजूंचा, विझार्डचा ६ बाजूंचा. मार कोणी खायचा हे तिथेच ठरलं. पण रोगचं (इंग्रजी rogue, म्हणजे तोच चोर) उदाहरण जास्त बोलकं आहे. त्याचा स्नीक अटॅक (जास्तीचं नुकसान करणारा वार) एका टर्नमध्ये एकदाच चालतो, तोही अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) असेल किंवा शत्रूपासून ५ फुटांत आपला कोणी उभा असेल तर. त्यामुळे नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या रविवारच्या टेबलावर रोग खेळणारी मुलगी फासे उचलायच्या आधीच फायटरला म्हणते, "भाऊ, तू हो न पुढे!" हा स्वभाव तिचा नाही, क्लासचा आहे. (निदान आम्ही तसं समजतो.)

क्लास म्हणजे पेशा, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. पेशा बॅकग्राउंडमध्ये, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यात, जातो. तुमचं पात्र कळमन्यात संत्र्यांची अडत चालवणारं असू शकतं आणि क्लास रोग.

पहिल्यांदाच खेळत असाल तर फायटर घ्या. विझार्डची स्पेलची (मंत्रांची) यादी वाचण्यातच अर्धा दिवस जातो.