शत्रूची पावलं का ऐकू येत नाहीत?

प्रश्न : आमच्या शूटर गेममध्ये एका वेळी बारा जण खेळतात. शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत अशी तक्रार आली, म्हणून त्यांचा आवाज दोनदा वाढवला. आता नुसता गलका होतो. चुकतंय कुठे?

पावलांचा आवाज कमी नाहीये, बाकीचे आवाज जास्त आहेत. बारा जण धावतायत, गोळ्या झाडतायत, मॅगझिन बदलतायत; त्यात एखादा स्फोट झाला की त्याचा खर्ज उरलेलं सगळं गिळून टाकतो. तिथे पावलं मोठी करणं म्हणजे भांडणात आपणही ओरडायला लागणं.

आधी हे बघा की आवाज कुणाच्या कानावर पडतोय. स्वतःचं पाऊल, साथीदाराचं पाऊल आणि शत्रूचं पाऊल हे तीन वेगळे आवाज आहेत, बूट एकाच जातीचे असले तरी. स्वतःचं दबकं ठेवा, साथीदाराचं त्याहून दबकं. शत्रूच्या पावलाची ‘टक्’ २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येऊ द्या. आपला कान तिथेच सर्वांत तिखट असतो. मग संगीतातून आणि वाऱ्यापावसातून तोच पट्टा थोडा कापून तिला वाट करून द्या. ‘ओव्हरवॉच’ (२०१६) हा शूटर गेम याच्याही पुढे गेला. या क्षणी कोणता शत्रू तुमच्यासाठी जास्त धोक्याचा, याचा हिशेब त्यात सतत चालू असतो आणि बाकीच्यांचे आवाज त्या मानाने मागे ढकलले जातात.

स्फोटांबद्दल जरा पोटतिडकीने सांगतो, कारण हे पाप माझ्या हातून झालंय. एकदा मी चार सेकंद घुमत राहणारा स्फोट बनवला. ऐकायला देखणा! चाचणीला बसलेले खेळाडू ती चार सेकंदं बहिरे होऊन मरत होते. शेवटी शेपूट छाटून एका सेकंदाच्या आत आणली. कुणालाही तिची आठवण आली नाही.

आणखी एक. प्रत्यक्षात अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण गेमने तसंच वागलं पाहिजे असं नाही. पाऊल किती लांबून ऐकू यावं हा खेळाच्या नियमांचा प्रश्न आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये हळू चाललं की पाऊल वाजतच नाही, तो नियम आहे, ध्वनिशास्त्र नाही. तेव्हा तो आकडा गेम डिझायनरसोबत बसून ठरवा.

प्रश्न : नेट हळू असलं की बंदुकीचा आवाज उशिरा येतो. काय करावं?

स्वतःच्या बंदुकीचा आवाज सर्व्हरला विचारत बसू नका. बटण दाबलं की त्याच मशीनवर लगेच वाजवा. इतरांसाठी नेटवरून आवाज पाठवायचा नसतोच. ‘अमक्याने इथून गोळी झाडली’ एवढा निरोप जातो आणि फाइल ज्याच्या त्याच्या मशीनवर वाजते. गोळी लागल्याचा ‘टिक्’ मात्र सर्व्हरने होकार दिल्यावरच वाजवावा, असं माझं मत. खोटा ‘टिक्’ खेळाडू विसरत नाही. पावलाचा निरोप अर्धा सेकंद शिळा झाला असेल तर टाकून द्या. स्फोटाचा शिळा असला तरी वाजवा.

प्रश्न : हेडफोनवर डावं-उजवं कळतं, पण पुढचं आणि मागचं एकच वाटतं.

डावं-उजवं कळतं ते दोन कानांतल्या फरकामुळे. अगदी बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि थोडा क्षीणही होतो. नाकासमोरून किंवा पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांवर एकदमच पडतो, म्हणून फसगत. एरवी कानाच्या पाळीचा आकार आणि मानेची हालचाल ही उणीव भरून काढतात. गेममध्ये हे काम एचआरटीएफ करतं, म्हणजे डोकं आणि कान आवाजाला दिशेनुसार कसं बदलतात त्याचं गणित. पण ते कुणा दुसऱ्याच्या कानांवरून बेतलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांना सारखं मानवत नाही. सेटिंगमध्ये चालू-बंद करायची सोय ठेवा. हेडफोनच्या सॉफ्टवेअरमधला ‘सराउंड’ही चालू असेल तर प्रक्रिया दोनदा होऊन लापशी होते, तशी सूचना तिथेच लिहा. फाइल मोनोच हवी, म्हणजे डावं-उजवं आधीच न भरलेली. आणि नुसत्या खर्जाची दिशा कळत नाही, त्यावर थोडी खरखर चढवा.

प्रश्न : महागडा माइक नाही. आवाज आणायचे कुठून?

कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबली की बर्फातली पावलं, सेलरीचा दांडा मोडला की हाड. शांत खोली मिळाली की माइकचं फार अडत नाही. फक्त एका पावलाची एकच फाइल ठेवू नका; सहा-आठ तरी घ्या आणि पट्टी थोडी वरखाली करत वाजवा, नाहीतर शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं.

प्रश्न : ऐकू न येणाऱ्या खेळाडूंसाठी आवाज पडद्यावर दाखवले, तर इतरांना फुकटचा फायदा नाही का होणार?

होईल. म्हणून ती सोय सगळ्यांना खुली ठेवा, म्हणजे तक्रारच उरत नाही. ‘फोर्टनाइट’मध्ये पावलं, गोळीबार, पेट्या यांची चिन्हं दिशेनुसार पडद्यावर उमटतात आणि ती सोय कुणीही चालू करू शकतो. काय दाखवायचं यासाठी वेगळा विचार नको. पहिल्या उत्तरातली धोक्याची क्रमवारी एकदा बनवलीत की तीच इथे लावा. वारा, पाऊस आणि तुमचा लाडका स्फोट त्या यादीत खाली असेल, तर चित्रातही खालीच राहू द्या.