वाचकांचे प्रश्न : जॉन बेनर यांनी सभापतिपद का सोडले?

प्रश्न : अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर हे बारमालकाचे पुत्र आणि स्वतः छोटे व्यावसायिक होते, असे वाचले. ते या पदापर्यंत कसे पोहोचले आणि पक्षाचे बहुमत असूनही त्यांनी २०१५ मध्ये पद का सोडले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बेनर यांचा जन्म १९४९ मधला, ओहायो राज्यातला. आजोबांनी सिनसिनाटीत सुरू केलेला ‘अँडीज कॅफे’ हा बार पुढे त्यांचे वडील चालवीत आणि बारा भावंडांतले दुसरे असलेले बेनर लहानपणापासून तिथली फरशी पुसत. घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. मात्र पडेल ती नोकरी करीत शिकल्यामुळे पदवी हाती यायला १९७७ साल उजाडले. त्यानंतर प्लॅस्टिक व पॅकेजिंगच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या ‘न्यूसाइट सेल्स’ या छोट्या कंपनीत ते लागले आणि यथावकाश तिचे प्रमुख झाले. स्थानिक मंडळ आणि राज्याचे विधिमंडळ असे टप्पे घेत १९९१ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनला, प्रतिनिधिगृहात पोहोचले.

सौदा जुळवणे हा त्यांचा पिंड होता. शिक्षण समितीचे प्रमुख असताना २००१ मध्ये त्यांनी टेड केनेडी यांच्यासारख्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कट्टर नेत्याबरोबर बसून शालेय शिक्षणाचा मोठा कायदा संमत करून घेतला. दुर्दैवाने, २०११ मध्ये ते सभापती झाले तेव्हा त्यांच्या पक्षात तडजोडीलाच फितुरी मानणारा गट शिरजोर झाला होता. आपल्याकडे सभापतीने पक्षापासून अलिप्त राहावे अशी निदान अपेक्षा तरी असते. तिथे तो बहुमतातल्या पक्षाचा उघड नेताच असतो, त्यामुळे पक्ष फुटला की पहिली झळ त्यालाच लागते. ओबामांचा आरोग्यविमा कायदा रोखण्याच्या हट्टापायी २०१३ मध्ये सरकारी कामकाज सोळा दिवस बंद पडले आणि अखेर २८५ विरुद्ध १४४ मतांनी कोंडी फुटली, तेव्हा विरोधातली सगळी १४४ मते बेनर यांच्याच पक्षाची होती!

जुलै २०१५ मध्ये मार्क मेडोज या स्वपक्षीय सदस्याने त्यांना हटवण्याचा ठराव मांडला. ४३५ सदस्यांच्या सभागृहात २१८ मते लागतात आणि २०१४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना २४७ जागा मिळाल्या होत्या, म्हणजे तीस जण फिरले असते तरी खुर्ची टिकवण्यासाठी विरोधकांपुढे हात पसरावा लागला असता. ती नामुष्की त्यांना नको होती, असे आम्हांला वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २४ सप्टेंबरला संसदेत भाषण केले. भाविक कॅथलिक असलेल्या बेनर यांची ही जुनी इच्छा होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला. मात्र जाण्यापूर्वी, २८ ऑक्टोबरला, त्यांनी ओबामांशी ठरलेला दोन वर्षांचा अंदाजपत्रकीय करार २६६ विरुद्ध १६७ मतांनी संमत करून घेतला. त्यात रिपब्लिकन मते ७९ होती, बाकीची डेमोक्रॅटांची.