व्याजात स्वित्झर्लंड, मुद्दल रामभरोसे

बेळगावच्या उद्यमबागात स्वतःचं मशीन शॉप असलेल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ५६, वहिनी खानापूर तालुक्यात शिक्षिका, येत्या मे महिन्यात लग्नाला ३० वर्षं होतात म्हणून दोघांनीच आठ रात्री स्वित्झर्लंड आणि इटली फिरून यायचं ठरवलंय. ग्रुप टूर नको, मोठ्या कंपन्यांची एकसारखी हॉटेलंही नकोत, १५-२० खोल्यांची, मालक स्वतः लक्ष घालतो अशी छोटी लक्झरी हॉटेलं पाहिजेत. झुरिकला २ रात्री, डोंगरात झरमॅटला ३, आणि इटलीत माज्जोरे तलावाकाठी स्ट्रेसाला ३. तिन्ही निवडून झालीत, मिळून ४ लाख २० हजार, आत्ताच सगळे पैसे भरले तर १५ टक्के सूट, पण कॅन्सल केलं तर एक रुपया परत नाही. भरू का, एवढाच प्रश्न.

आणि पत्राच्या शेवटी सहज म्हणून: "खर्चाचं टेन्शन नाही. हिंडलग्याचा प्लॉट विकून आलेले ४२ लाख क्रेडिट सोसायटीत ११.५ टक्क्यांनी ठेवलेत, वर्षाच्या व्याजात सगळं भागतंय, टीडीएसपण कापत नाहीत, मुद्दलाला हात लावायचाच नाही."

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे. भरू नका. सूट ६३ हजारांची दिसते खरी, पण व्हिसा अजून हातात नाही आणि तुम्ही चार लाख अडकवणार. थोडे जास्त देऊन कॅन्सल करता येईल असाच रेट घ्या, आणि कॅन्सलची मुदत किती दिवसांची ते ईमेलवर लिहून घ्या, छोट्या हॉटेलांत ती बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा कडक असते कारण १५ खोल्यांतल्या दोन रिकाम्या राहिल्या तर मालकाला झोंबतं.

दुसरं म्हणजे मे महिना. आपल्याकडे सुट्टी म्हणून मे, पण आल्प्समध्ये तो मधला काळ, स्कीचा सीझन संपलेला आणि उन्हाळ्याचा सुरू व्हायचा असतो, डोंगरातली बरीच छोटी हॉटेलं तेव्हा सरळ कुलूप लावून बसतात. तुमचं झरमॅटवालं त्या तारखांना उघडं आहे का, आणि उघडं असलं तरी त्यांचं स्वयंपाकघर चालू आहे का, हे विचारलंत का? वहिनींना दसऱ्याची सुट्टी मिळते की. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोंगरातली हॉटेलं बहुतेक चालू असतात, तलावावरच्या बोटी चालू असतात, गर्दी ओसरलेली असते. घरी घट बसत असतील तर तो प्रश्न मात्र तुमचा तुम्ही सोडवा. मेच पाहिजे असेल तर झरमॅट सोडा, लुसर्नला राहा आणि रिगीवर एका दिवसात जाऊन या, ती १८७१ पासूनची दातेरी रुळांची रेल्वे बारा महिने चालते.

आणि तिन्हीकडे सारखी लक्झरी कशाला? झुरिकमध्ये दिवसभर बाहेरच असणार, तिथे स्टेशनजवळचं साधं स्वच्छ हॉटेल पुरे, त्यातून शनिवार-रविवार पकडलात तर ऑफिसवाले नसल्यामुळे रेटही उतरतो. झरमॅटला मोटारी नाहीतच, हॉटेलवाले स्टेशनवर बॅटरीची गाडी पाठवतात, पाठवणार का ते विचारून ठेवा. खोलीत बसून राहावं असं वाटेल ते तलावाकाठी, तेव्हा पैसा तिथे घाला, आणि खोलीतून पाणी अख्खं दिसतं की मान वाकडी करून, हे लिहून घ्या. जुन्या घरांची हॉटेलं केली आहेत, कुठे लिफ्ट नसते. वहिनींचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय.

आता मला ज्यावर बोलायचंय ते.

शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना एकच चालतो, आणि जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये म्हणून अर्ज त्यांच्याकडे करायचा. ते बँकेचं स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न मागणार. तुमच्या रिटर्नमध्ये १४ लाख, आणि ४२ लाखांवरचं व्याज कुठेच नाही, कारण टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतात तो टॅक्स) नाही म्हणजे टॅक्स नाही असं कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय. कोण ते पत्रातच आहे, २० वर्षं दुकानात येऊन पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा ओळखीचा माणूस. सर, टीडीएस कापला नाही तरी व्याज तुमचंच उत्पन्न आहे. ४२ लाखांचं साडेअकरानं ४ लाख ८० हजार, त्यावर तुमच्या स्लॅबने नव्या पद्धतीत ९० हजारांच्या आसपास टॅक्स, राहिले ३ लाख ९०. यात तर नुसती हॉटेलंसुद्धा बसत नाहीत, विमान, रेल्वे, जेवण धरून तुमची ट्रिप ८ लाखांच्या घरात जाते. प्लॉटच्या कॅपिटल गेनचं, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सचं, काय केलंत तेही पत्रात नाही, सीएला उद्याच फोन करा.

पण टॅक्स भरून सुटता येतं. मुद्दल गेलं तर काय?

तुम्ही लिहिता "सोसायटी रजिस्टर्ड आहे, बँकेसारखीच आहे". नाही हो. रजिस्टर्ड असणं वेगळं आणि विमा असणं वेगळं. बँक बुडाली तर डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीकडून एका माणसाला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत मिळतात, फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, आधी १ लाखच होती. क्रेडिट सोसायटीला, सौहार्दला (कर्नाटकातला सहकारी संस्थांचा एक प्रकार), एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या मल्टिस्टेट सोसायटीला यातलं शून्य. रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेखही करत नाही, नावात बँक लावायचीही त्यांना परवानगी नाही, तरी एजंट तोंडाने बँक बँक म्हणत फिरतोच.

सगळ्या सोसायट्या वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या भागात भाजीवाला, टेलर, रिक्षावाला यांना उभं करायला पिग्मीचा मोठा हात आहे. पण तुम्हाला साडेअकरा देणारी सोसायटी कर्ज १५-१६ टक्क्यांच्या खाली देऊच शकत नाही, आणि त्या दराने लाखांचं कर्ज कोण घेतं? ज्याला बँकेनं दारातून परत पाठवलं तो. तुमचं मुद्दल त्याच्याकडे आहे, व्हॉल्टमध्ये नाही.

आणि एक गोष्ट तर वाचून मी कपाळाला हात लावला. व्याज दर महिन्याला "खात्यात जमा होतं", आणि ते खातं त्याच सोसायटीत! म्हणजे वर्षभरात त्यांनी तुम्हाला रोख काही दिलेलंच नाही, नुसते पासबुकात आकडे छापलेत.

बँकेत साडेसहा टक्क्यांनी ४२ लाखांचे २ लाख ७० होतात. म्हणजे सोसायटीत वर्षाला साधारण २ लाख १० हजार जास्त, आणि तेवढ्यासाठी ४२ लाख पणाला. एकदा बुडाले तर ते जास्तीचं व्याज २० वर्षं साठवावं लागेल मुद्दल भरून काढायला, तेव्हा तुम्ही ७६ चे.

म्हणून करायचं असं. पहिल्यांदा खात्यात साठलेलं व्याज सगळं तुमच्या बँकेत ट्रान्सफर करायला सांगा, या आठवड्यातच. मग एक पावती मोडायला द्या, ५ लाखांची. एखादा टक्का व्याज कमी मिळेल, मिळू दे. त्याच दिवशी, फार तर दोन दिवसांत पैसे आले तर ठीक, बाकीच्या पावत्या मुदतीप्रमाणे काढत चला आणि रिन्यू करू नका. "पुढच्या महिन्यात बघू", "चेअरमन बाहेरगावी आहेत", "अर्धे नेता का" असं काही ऐकलंत तर तिथेच बसा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गावभर बोलू नका मात्र, सोसायटी चांगली असली तरी अफवेनं रांग लागते आणि मग रांगेत तुम्हीही.

निघालेले पैसे: दोघांच्या नावे पोस्टाच्या मासिक योजनेत १५ लाख बसतात, सध्या साडेसातच्या आसपास दर आहे. रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग, म्हणजे दर बदलत राहणारे, बाँड आठच्या आसपास, पण सात वर्षं विसरायचे, तेव्हा त्यात १० लाखांच्या वर नको. उरलेले तीन-चार बँकांत दोघांच्या वेगवेगळ्या नावांनी, प्रत्येकी व्याजासकट ५ लाखांच्या आत. साठीला ज्येष्ठ नागरिक योजना आहेच. कुणी "गॅरंटीड इन्कम" पॉलिसी घेऊन आला तर चहा पाजा आणि पाठवा.

आणि हो, व्हिसासाठी ३० हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे म्हणून तो तुम्ही निमूट काढणार, पण इथे दोघांना मिळून ३ लाखांची मेडिक्लेम आहे, दुकान चालवणाऱ्या ५६ वर्षांच्या माणसाला. ती १० वर न्या, आधीच्या आजारांची माहिती लपवू नका.

ट्रिप जरूर करा. दुकानातून महिना ६०-७० हजार बाजूला पडत असतील तर वर्षभरात ८ लाख जमतात, म्हणजे पुढच्या दसऱ्याला. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तोवर हॉटेल फक्त कॅन्सल होणारं. पावत्यांच्या तारखा आणि रकमा एका कागदावर लिहून मला पाठवा, पैसे कुठल्या क्रमाने काढायचे ते सांगतो.