रोजा उद्या की परवा?

प्रश्न : कॅलेंडरात रमजानची तारीख छापलेली असते. तरी आमचे शेजारी आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगत नाहीत. असं का? – एक वाचक, वाशी

उत्तर : छापलेली तारीख अंदाजाची. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, २९ तारखेला मावळतीनंतर चंद्रकोर दिसली तर दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. नाहीतर शाबानचे ३० दिवस पुरे करायचे.

मी मुंब्र्याची. आमच्या पश्चिमेला पारसिकचा डोंगर आडवा, आणि नवी कोर तर क्षितिजालगत थोडाच वेळ टिकते. गच्चीवर मान दुखेपर्यंत बघून आम्ही खाली यायचो; मग दुसरीकडून कुणी चंद्र पाहिल्याची साक्ष आली, की मशिदीतून पुकारा व्हायचा. त्याच रात्री तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज! अम्मी मात्र सहरीचं, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या खाण्याचं, पीठ आधीच मळून ठेवायची.