दोन रंगांची गोळी कुटून दिली तर काय बिघडतं?

प्रश्न: बाबांना एक गोळी चालू आहे, अर्धी पांढरी अर्धी गुलाबी, नावापुढे एसआर लिहिलंय. त्यांना गिळायला जमत नाही म्हणून मी कुटून पाण्यातून देते. औषध तर तेच पोटात जातंय ना, मग हे थर कशाला असतात?

उत्तर: ताई, कुटणं आजपासूनच बंद करा. आणि गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना लगेच फोन करून गिळता येत नाही हे सांगा, बऱ्याच औषधांचं सिरप किंवा दिवसातून दोन-तीनदा घ्यायची साधी गोळी मिळते.

आता थरांचं. नावापुढचं एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज, औषध हळूहळू सोडणारी गोळी. अशा दोन थरांच्या गोळीत बहुतेकदा एक थर पटकन विरघळून काम सुरू करतो, दुसरा काही तास औषध थोडं थोडं सोडत राहतो. या दुसऱ्या थरात बहुतेक वेळा एचपीएमसी नावाचं पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) असतं, पाणी लागलं की ते फुगतं आणि बाहेरून जेलचं कवच तयार होतं. औषध किती वेगाने सुटतं हे तपासायला आम्ही लॅबमध्ये गोळी 37 डिग्रीच्या 900 मिली पाण्यात टाकतो, वर पॅडल फिरत असतं. मी एकदा अशी गोळी दोन तासांनी काढून ब्लेडने मधोमध कापली तर बाहेर बुळबुळीत पारदर्शक जेल आणि आत अजून कोरडी पांढरी पावडर! बाबांचा दिवसभराचा डोस असाच आत राखून ठेवलेला असतो, तो तुम्ही कुटून एकदम मोकळा करता आणि काही औषधांच्या बाबतीत हे खरंच धोक्याचं आहे.

पण नुसत्या जेलचा एक प्रॉब्लेम आहे, ते जाड होत जातं तसा औषधाचा बाहेर यायचा रस्ता लांबतो आणि वेग पडतो, म्हणजे पहिल्या तासात जेवढं सुटलं त्याच्या दुप्पट व्हायला साधारण चार तास लागतात. म्हणून काही गोळ्यांना तीन थर देतात, वर-खाली औषध नसलेले थर आणि मध्ये औषधाचा. सुरुवातीला पाणी फक्त कडेने शिरतं, मग वरचे-खालचे थर हळूहळू झिजतात तशी औषधाची जास्त जागा उघडी पडते, वेग पडायच्या वेळीच जागा वाढते म्हणून औषध जवळपास एकसारखं येत राहतं. मला स्वतःला ही आयडिया फार म्हणजे फारच आवडते, औषध तेच, पॉलिमर तेच, फक्त रचना बदलली.

बनवताना खरी डोकेदुखी थर एकमेकांना धरून ठेवायची. पहिला थर मशीनवर हलकाच दाबायचा, जास्त दाबला तर तो गुळगुळीत होतो आणि दुसरा त्याला नीट चिकटतच नाही, शिवाय दाब काढल्यावर दोन्ही थर वेगवेगळे प्रसरण पावतात, मग पॅकिंगपर्यंत जाता जाता गोळीचे दोन तुकडे. स्ट्रिपमधून असे सुटे थर निघाले तर ती गोळी देऊ नका, मेडिकलवाल्याकडे परत न्या.

गोळीवर मधोमध रेघ असेल तर काही कंपन्यांच्या गोळ्या अर्ध्या करता येतात, पण ते आतल्या कागदावर लिहिलेलं असेल किंवा फार्मासिस्टने सांगितलं तरच, आणि अर्धी करता येते म्हणजे चावता किंवा कुटता येते असं नाही.