आवक-जावक, पण कोणाची?

प्रश्न असा आहे: एका वेबसाइटची जेमीटर या चाचणी साधनाने लोड टेस्ट केली, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी वापरली तर ती किती ताण झेलते ते पाहिलं. तिचा अहवाल मराठीत लिहायचा आहे. त्यातल्या 'सेंट केबी पर सेकंद' आणि 'रिसीव्ह्ड केबी पर सेकंद' (केबी म्हणजे किलोबाइट) या दोन रकान्यांना काय म्हणावं? 'प्रेषित' आणि 'प्राप्त' जड वाटतात, मग 'आवक-जावक' चालेल का?

चालेल, आणि मला तो शब्द मनापासून आवडतो. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत आवक-जावक नोंदवही सगळ्यांच्या ओळखीची आहे आणि बाजार समितीत कांद्याची आवक वाढली म्हणजे काय झालं, हेही कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र या शब्दांत एक गोष्ट न बोलता धरलेली असते. वही ज्याची, आवक त्याची. एका कार्यालयाच्या वहीत आवक म्हणून चढलेलं पत्र धाडणाऱ्या कार्यालयाच्या वहीत जावक असतं.

अहवालात घोळ होईल तो इथेच. जेमीटर अनेक वापरकर्त्यांच्या वतीने सर्व्हरकडे विनंत्या पाठवतो आणि आकडे स्वतःच्या बाजूने मांडतो. 'सेंट' म्हणजे त्याने पाठवलेल्या विनंत्यांचे बाइट, 'रिसीव्ह्ड' म्हणजे सर्व्हरकडून त्याला आलेल्या उत्तरांचे. वाचणाऱ्याचं लक्ष मात्र सर्व्हरवर असतं, कारण चाचणी त्याची चालली आहे. नुसतं 'आवक' वाचलं की तो सर्व्हरची आवक समजतो आणि अर्थ उलटा होतो.

हा उलटा अर्थ किती महागात पडेल, ते आकड्यांत पाहा. समजा, दर सेकंदाला 50 विनंत्या जातात, प्रत्येक विनंती 800 बाइटची आणि प्रत्येक उत्तर 40,960 बाइटचं. जेमीटर 1,024 बाइटचा किलोबाइट धरतो. म्हणजे पाठवलेला डेटा सेकंदाला सुमारे 39 किलोबाइट आणि आलेला 2,000 किलोबाइट. अदलाबदल झाली तर हे संकेतस्थळ फायली चढवून घेण्याचं असावं, असाच वाचकाचा समज होईल.

म्हणून रकान्यांची नावं मी अशी ठेवेन: 'सर्व्हरला पाठवलेला डेटा' आणि 'सर्व्हरकडून आलेला डेटा'. लांब आहेत, पण दिशा पक्की होते. आवक-जावक हवंच असेल तर मालक सांगा, 'चाचणी साधनाची जावक', 'चाचणी साधनाची आवक'. आणखी एक सांभाळा. मराठी जोडशब्दात आवक आधी येते, प्रश्नात मात्र 'सेंट' आधी आहे. घाईत मथळे बदलताना रकाने उलटे पडायला तेवढं पुरेसं आहे.

'प्राप्त' मी टाळेन, पण जडपणामुळे नव्हे. 'प्राप्त डेटा' म्हटल्यावर कोणाला प्राप्त, हा प्रश्न तसाच उरतो. 'कडून आलेला' लिहिताना तो सोडवावाच लागतो. 'डेटा' मात्र राहू द्या, तो मराठीत पुल्लिंगी म्हणून छान रुळला आहे. लोड टेस्टला 'भारचाचणी' म्हणायला हरकत नाही. भारनियमनामुळे या अर्थाचा 'भार' घरोघरी पोचलेलाच आहे.

'थ्रूपुट'ला एकच मराठी शब्द शोधू नका. जेमीटरच्या अहवालात तो ठरावीक वेळात पूर्ण झालेल्या विनंत्यांचा आकडा असतो, नेटवर्कवाले तोच शब्द बिटच्या वेगासाठी वापरतात. 'दर सेकंदाला विनंत्या' असं सरळ लिहावं.

आता प्रश्नात नसलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 'केबी', 'एमबीपीएस' (सेकंदाला इतके मेगाबिट) ही लघुरूपं देवनागरीत वापरू नका. रोमन लिपीत बाइटचा बी मोठा आणि बिटचा छोटा लिहितात. एक बाइट म्हणजे आठ बिट. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही, त्यामुळे हा आठपटीचा फरक पुसला जातो. 100 मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 मेगाबाइट जातात. वरच्या उदाहरणातले 2,000 किलोबाइट म्हणजे सुमारे 16.4 मेगाबिट, जोडणीचा सहावा हिस्सा. विनंत्या दहापट केल्या तर सुमारे 164 मेगाबिट लागतील. मग जेमीटर चालवणाऱ्या संगणकाचीच जोडणी तुंबेल आणि मंदपणाचा दोष सर्व्हरच्या माथी जाईल. प्रत्यक्ष तारेवरून जाणारा डेटा तर याहूनही थोडा जास्त असतो, कारण टीसीपी आणि आयपी या नेटवर्कच्या नियमांनुसार डेटाच्या प्रत्येक तुकड्याला जोडली जाणारी शीर्षकं या मोजणीत धरलेली नसतात.

'किलोबाइट' आणि 'मेगाबिट' पूर्ण लिहा, आणि '1 किलोबाइट = 1,024 बाइट' ही ओळ तक्त्याच्या खाली द्या.